कार्डावर ‘होय’ लिहायचं की गप बसायचं?

बाळीवेसकर: पुढच्या महिन्यात लेकीकडे मेलबर्नला निघालोय. बायकोनं दोन किलो शेंगा चटणी कुटून घेतलीय, कडक भाकऱ्यांची चवड बांधलीय, वर काळा मसाला. तिथं उतरताना सामानात काय आहे ते सांगायचं कार्ड भरावं लागतं. मित्र म्हणतो, कार्डावर खायचं लिहिलंस की बॅग उपसतात, गप बस. माझं मत उलट आहे, लिहायचंच. घरचं आहे, चोरीचं नाही.

सातरस्ता: काका, भाबडे आहात. दुबईला तीनदा गेलो, अवाक्षर काढलं नाही. कुणी हात लावला का बॅगेला? लिहिणाराच अडकतो.

माहेरवाशीण: दुबईत खसखशीवर बंदी आहे, अमली पदार्थात धरतात. आपल्या काळ्या मसाल्यात काय असतं ते आईला विचारा. तुम्ही सुटलात, एवढंच. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या एका सफरचंदालाही जागेवर ४०० डॉलर दंड. ऑस्ट्रेलियात तर व्हिसा रद्द होऊ शकतो. मी तिथं सगळं लिहिलं होतं. बाईंनी चटणीची पिशवी दाबून पाहिली, तेल बोटाला लागलं, हसल्या आणि परत दिली. आईनं भाकरीच्या डब्यात सारलेला ओला कढीपत्ता मात्र डोळ्यादेखत गेला. दंड एक पैसा नाही.

सातरस्ता: कढीपत्त्यानं त्यांचा देश बुडणार होता का?

आडतवाला: पानाचं माहीत नाही, धान्याचं सांगतो. खापरा किडा गोदामात एकदा शिरला की निघत नाही. अळी फटीत दडते, खायला काही नसलं तरी वर्षानुवर्षं जगते. म्हणून अमेरिका प्रवाशाच्या बॅगेतला आपला तांदूळ घेत नाही. ऑस्ट्रेलियाही तांदूळ, हरभरे, कच्चे शेंगदाणे याच किड्यापायी अडवते. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

परदेशस्थ: मुळात न्यायचंच कशाला? मेलबर्नला भारतीय दुकानांत सगळं मिळतं.

माहेरवाशीण: मिळते ती मिक्सरमधली भुकटी. कुटल्याशिवाय तेल सुटत नाही, आणि तेल न सुटलेल्याला सोलापुरात चटणी म्हणत नाहीत.

बाळीवेसकर: कार्डावर ‘होय’, ठरलं. ते टाकून देतील तर देऊ देत. भाकरीच्या डब्यात मीही हात घालून पाहिला, कढीपत्ता निघालाच. आता पिशव्यांवर इंग्रजीत नावं लिहायला बसलोय.

सातरस्ता: कडक भाकरीला काय लिहिताय, बिस्कीट?