नृत्याच्या फोटोंसाठी महागडा फुल फ्रेम कॅमेरा घ्यावा का?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दहाएक वर्षं जुना डीएसएलआर आहे. एपीएस-सी सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग, फुल फ्रेमपेक्षा लहान), २४ मेगापिक्सल. सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर आलेली) आणि ५५-२०० मिमीची झूम. बहीण नृत्य करते, त्यामुळे तिच्या गटाच्या कार्यक्रमांचे फोटो गेली काही वर्षं मीच काढतोय. बाहेर, दिवसाउजेडी या कॅमेऱ्याबद्दल काही तक्रार नाही. सभागृहात मात्र निम्मे फोटो हललेले येतात आणि उरलेल्यांत दाणे दिसतात. जो तो सांगतो, "फुल फ्रेम मिररलेस घे," म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला कॅमेरा. सोनीचा ए७आर ४, म्हणजे ६१ मेगापिक्सलवाला, मनात भरलाय. पण त्यासाठी साठवलेले जवळजवळ सगळे पैसे जातील, आणि मग लेन्सला फारसं काही उरणार नाही. फोटो गटाला मोठे छापून हवे असतात. एवढे पैसे घालावेत का?

प्रतिसाद १

आधी गेल्या दोन-तीन कार्यक्रमांतले बिघडलेले फोटो संगणकावर उघडा आणि १०० टक्के मोठे करून बघा. फोटो बिघडण्याची कारणं तीन असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. मागच्या पडद्यासकट सगळंच एका दिशेला फरफटलं असेल तर तुमचा हात हलला. मोनोपॉड (एकपायी स्टँड) किंवा स्टॅबिलायझेशनने (हाताचे हादरे सावरणारी सोय) काम होईल. पडदा स्वच्छ आणि नाचणारीचे हात-चेहरा फरफटलेले असतील तर शटर स्पीड कमी पडला. इथे स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही. आणि नाचणारी मऊ-धूसर पण पडद्याच्या चुण्या लख्ख दिसत असतील तर फोकस मागे गेला. नव्या बॉडीने (लेन्सशिवायचा कॅमेरा) खऱ्या अर्थाने सुटतो तो हा तिसरा प्रश्न.

माझा अंदाज, तुमचे बहुतेक फोटो दुसऱ्या प्रकारातले निघतील. तुमची झूम २००ला एफ/५.६ वर जाते (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). तिथे १/६० सेकंदाचा शटर स्पीड मिळत असेल, तर एफ/२.८च्या लेन्सने त्याच आयएसओवर (प्रकाशाला संवेदनशीलतेचा आकडा) १/२५० मिळेल, कारण प्रकाश चौपट येतो. नाचताना हा फरक फार मोठा आहे. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिमी आणि तुमचा साधारण २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त, म्हणजे नॉइजमध्ये (दाण्यांमध्ये) फायदा एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा अधिक. चांगल्या लेन्सने दोन स्टॉप मिळतात, तेही आहे त्याच कॅमेऱ्यावर.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. तुमच्या कॅमेऱ्यावर २०० मिमी जेवढं जवळ आणते, तेवढं आणायला फुल फ्रेमवर ३०० मिमी लागते. "६१ मेगापिक्सल आहेत, नंतर क्रॉप करीन (कडा कापीन)" असं म्हणाल, तर क्रॉप केल्यावर साधारण २६ उरतात, म्हणजे आहेत तेवढेच. शिवाय तेवढ्या क्रॉपमध्ये सेन्सरचा एपीएस-सीएवढाच तुकडा वापरला जातो, त्यामुळे मोठ्या सेन्सरचा प्रकाशातला फायदाही गेला. पैसे मात्र पूर्ण सेन्सरचे दिलेले असतात.

छपाईचं म्हणाल, तर तुमच्या फोटोची लांब बाजू ६००० पिक्सल आहे. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २० इंच होतात. ६१ मेगापिक्सलची लांब बाजू ९५०४, म्हणजे जेमतेम दीडपटीच्या थोडी वर. त्याहून मोठी पोस्टरं लोक लांबून बघतात, तिथे ३०० डीपीआयची गरजच नसते. फरफटलेला हात ६१ मेगापिक्सलमध्येही फरफटलेलाच राहतो, फक्त जास्त बारकाईने.

आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढता ना? जेपेगमध्ये काढत असाल तर आजपासून बदला. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून आलेला डीनॉइज (दाणे घालवणारी सोय) रॉ फाइलवर इतका चांगला चालतो की फक्त दाण्यांसाठी बॉडी बदलायची गरज बरीच कमी झाली आहे.

प्रतिसाद २

वरच्या आकडेमोडीशी सहमत, पण मिररलेसला इतकं झटकून टाकू नका. मी नाटकांच्या तालमी आणि प्रयोगांचे फोटो काढते, माझ्यासाठी बदल मोठा होता. जुन्या डीएसएलआरमध्ये फोकसचे बिंदू मधोमध गोळा झालेले असतात. नट कडेला गेला की फ्रेम मोडावी लागते. मिररलेस जवळजवळ पूर्ण फ्रेमभर डोळा पकडतो. फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे लेन्स आणि बॉडीचा मेळ न बसून फोकस सतत मागे-पुढे पडण्याचा प्रकार राहत नाही. काळा पडदा आणि चेहऱ्यावर एकच झोत असला की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा पांढराफटक होतो. मिररलेसमध्ये हा बिघाड फोटो काढायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो. आणि शांत शटर! तिसऱ्या रांगेत बसून विलंबित आलापात खटखट करणं मला तरी सहन होत नाही.

पण यातलं काहीही ६१ मेगापिक्सलवर अवलंबून नाही. उलट तेवढा मोठा सेन्सर ओळीओळीने वाचायला वेळ घेतो. शांत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर भराभर फिरणारे हात तिरके येतात आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. निकॉनने झेड ९ मध्ये २०२१ साली यांत्रिक शटर काढूनच टाकलं, ते सेन्सर फार वेगाने वाचला जातो म्हणून जमलं. नृत्यासाठी घ्यायचाच तर २४ मेगापिक्सलच्या आसपासची मधल्या श्रेणीची बॉडी बघा. मागच्या पिढीची, वापरलेलीही चालेल.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून फोटो पाहिले. बहुतेकांत पडदा स्वच्छ आहे, हात आणि ओढण्या फरफटल्या आहेत, आणि शटर १/६० ते १/१०० दिसतोय. फोकस चुकलेले आहेत, पण थोडे. रॉ मी कधी वापरलंच नव्हतं. मग ७०-२०० एफ/२.८ घेऊ का? वजनाची धास्ती वाटते.

प्रतिसाद १

डीएसएलआरच्या ७०-२०० एफ/२.८ लेन्सा दीड किलोच्या घरात असतात, त्यामुळे धास्ती रास्त आहे. मोनोपॉडवर लावली तर पूर्ण कार्यक्रम निभतो. सिग्मा आणि टॅमरॉनच्याही बघा, वापरलेल्या मिळतात. पुढच्या रांगेत जागा मिळत असेल तर त्याआधी ८५ एफ/१.८ बघा. अर्धा किलोहून हलकी आहे, आणि एफ/५.६च्या तुलनेत प्रकाश नऊ पटींहून जास्त: १/६०चा थेट १/५००. मात्र एफ/१.८ वर फोकसची खोली कमी असते, दोघी पुढे-मागे असतील तर एकीचाच चेहरा लख्ख येईल. एकल नृत्याला उत्तम, समूहाला झूमच.

उद्या मिररलेसवर गेलात तरी लेन्स वाया जात नाही. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्सा अडॅप्टरने आरएफ (मिररलेस) बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉन असेल तर लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे याची खात्री करा. बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या लेन्सांना एफटीझेड अडॅप्टरवर (डीएसएलआरच्या लेन्सा निकॉनच्या मिररलेसवर लावायचा जोड) ऑटोफोकस मिळत नाही.

प्रतिसाद २

आणि विकत घेण्याआधी दोन्ही लेन्सा एका तालमीसाठी भाड्याने आणा. तालीम रंगभूषेसह आणि खऱ्या प्रकाशयोजनेत होणारी निवडा, साध्या ट्यूबलाइटखालची नको. शटर १/२५० ला बांधून ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा, आणि बहिणीला नेहमीच्या वेगाने नाचू द्या. फोटोंसाठी थांबायला सांगू नका.