आवाज पुढे-मागे होतोय? मोबाईल बदलू नका

‘ॲप शिकवायचे व्हिडिओ मोबाईलवर जमत नाहीत, आवाज मागे पडतो, सांगलीत जाऊन कॅमेरा घ्या’ असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. तक्रार खरी आहे, उपाय चुकीचा. मोबाईलचं स्क्रीन रेकॉर्डिंग बहुधा बदलत्या फ्रेम रेटने (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम) होतं: स्क्रीन स्थिर असली की फ्रेम कमी, हलली की जास्त. बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर सेकंदाला ठरावीक ३० फ्रेम धरून चालतात, म्हणून दहाव्या मिनिटाला बोट एका बटणावर आणि शब्द दुसऱ्याच. कापाकापीआधी फाइल कॉम्प्युटरवर हँडब्रेकमध्ये उघडा (व्हिडिओ रूपांतर करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे), व्हिडिओ टॅबमध्ये ३० आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून नवी फाइल काढा.

ट्यूबलाइटखाली चेहरा घेताना मात्र शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ प्रकाश घेते ते) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट तिच्याच तालात लुकलुकते, म्हणून १/६० ला चित्रात पट्टे सरकतात.