पाठ्यपुस्तकातला भेदभाव मोजायचा कसा?

धंतोलीकर: नागपुरात एम.एड. करतेय. लघुप्रबंधासाठी प्राथमिकच्या मराठी पुस्तकांतला स्त्री-पुरुष भेदभाव हा विषय घेतलाय. सर म्हणतात चित्रं मोजा. तेवढ्यानं भागेल का? कुणी असं काम केलंय?

उमरेडची_बाई: पुस्तकासोबत पोरांकडेही बघा ताई. माझ्या चौथीच्या वर्गात 'शेतकरी काढा' म्हटलं की पोरीसुद्धा मिशीवालाच काढतात. अन् त्यांच्या आया रोज निंदणाला जातात!

पाटी_पेन्सिल: चित्रं मोजाच, पण तिथं थांबू नका. मी विद्यापीठात शिकवते, वस्त्यांमध्ये पालकांसोबत पुस्तकं वाचते. एकच पुस्तक घ्या, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात. वहीत रकाने पाडा: कोण, कुठं, काय करतं, बोलतं का. बाई पानावर असते, पण वाढते, वाट बघते, काळजी करते. ठरवणारा दुसराच कुणी. हे आकड्यात दिसत नाही.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात बाई-पुरुष मिळून भाजी निवडताना आले, बाई डॉक्टर झाली. चांगला बदल, त्याची नोंद घ्या. पण २०१७ मध्ये गाजलेलं बारावीचं समाजशास्त्राचं पुस्तकही आठवा. मुलगी कुरूप किंवा अपंग असली तर लग्न जमत नाही, म्हणून हुंडा जास्त मागतात, असं त्यात हुंड्याचं कारण दिलं होतं. कुणीतरी ते लिहिलं आणि ते मुलांच्या हातात पडलं. चित्रं मोजून हे सापडलं असतं का?

आडनावं, सण, डब्यातलं जेवण यांचाही रकाना ठेवा. बाई दिसली तरी ती कुठल्या घरची, हे त्यातून कळतं. आणि कोण नाहीच, तेही लिहा. नागपूर स्टेशनवर ओझी वाहिलेल्या जाईबाई चौधरींनी पुढे इथंच मुलींची शाळा काढली. जुलै १९४२ मध्ये आपल्याच शहरात दलित महिला परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. नागपूरच्या किती मुलींना ही नावं माहीत आहेत? मला याचा फार त्रास होतो.

धंतोलीकर: खूप आभार, मॅडम. पण आडनावांचा रकाना सरांना चालेल का? विषय फक्त स्त्री-पुरुष असा मंजूर झालाय.

पाटी_पेन्सिल: विचारून बघा. नाही म्हणाले तर परिशिष्टात टाका, पण नोंद सोडू नका.