मदत हवी आहे: सोनी ए६००० ठेवू की ए६४०० घेऊ? (टॉवेल, चादरी आणि गड्डा)

आडवा_धागा:

नमस्कार मंडळी. जुना ठेवू की नवा घेऊ हा प्रश्न इथे दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. पण माझी कामं जरा विचित्र आहेत, म्हणून वेगळा धागा काढतोय.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा छोटा कारखाना आहे. टर्की टॉवेल आणि जेकार्ड चादरी. मी ऑर्डरी, पॅकिंग आणि फोटो बघतो. माझ्याकडे सोनीचा ए६००० कॅमेरा आहे, २०१८ साली वापरलेला घेतला होता, सोबत १६-५० ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच येणारी). आता ओळखीतला एकजण ए६४०० ची नुसती बॉडी (लेन्सशिवाय) विकतोय, ४८ हजार म्हणतो. माझी उडी ५० पर्यंत, तीही काकांनी मान डोलावली तर. काकांचं म्हणणं, "चादर तीच, उजेड तोच, मग पेटी बदलून काय होणार?"

कागदावरचं सगळं वाचलंय. ए६००० आला २०१४ ला, ए६४०० आला २०१९ ला. दोन्ही २४ मेगापिक्सेल, दोन्ही एपीएस-सी मापाच्या सेन्सरचे, दोन्ही सेकंदाला ११ फ्रेम. बॅटरी दोघांना एकच, एनपी-एफडब्ल्यू५०, म्हणजे माझ्याकडच्या तिन्ही चालतील. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सांभाळणारी सोय) दोघांतही नाही. नव्यात फोकस पॉइंट १७९ चे ४२५ झाले, डोळा धरून ठेवणारा फोकस आला, टचस्क्रीन, वर उलटी फिरणारी स्क्रीन, माइकला जागा, ४के व्हिडिओ. वाचून झालं, ठरत मात्र काहीच नाही.

आता रडगाणं. बारीक विणीच्या चादरीचा फोटो काढला की त्यावर इंद्रधनुष्यासारख्या लाटा येतात. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाईकाने फोटो पाहून विचारलं, "कापडाला तेलाचे डाग आहेत का?" तेव्हापासून काका फोटो स्वतः तपासतात, चष्मा कपाळावर चढवून.

दुसरं, गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीला संध्याकाळी होम मैदानावर नंदीध्वज येतात. पांढऱ्या बाराबंदीतला एकटा माणूस तो उंच ध्वज कमरेच्या आधाराने पेलत चालतो, ध्वज डुलतो, खाली "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चालू असतं, आणि माझ्या फोटोत मात्र बाराबंदीचा पांढरा फराटा. मागच्या वर्षी २०० काढले, धड ६. मला वाटतं फोकस मागे पडतोय, आणि ए६४०० घ्यायचं खरं कारण हेच आहे.

तिसरं किरकोळ आहे. काकांना स्वतः बोलत चादरी दाखवायचे व्हिडिओ करायचेत. ते काय, मोबाईलवरही होईल.

तर घेऊ का?

निवांत_नारद:

डोळे मिटून घे. माझ्याकडे दोन्ही होते. ए६००० मध्ये डोळ्यावरचा फोकस एकेरी फोकसमध्येच (एकदा धरून थांबतो तो) चालतो, त्यासाठी वेगळं बटण दाबायचं. ए६४०० मध्ये शटर अर्धं दाबलं की माणूस फिरला तरी डोळा सुटत नाही. शिवाय २०१९ च्याच फर्मवेअरने (कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअर अपडेटने) प्राण्यांचे डोळेही आले. (नान्नजला जाऊन माळढोकाचा डोळा धरायची स्वप्नं बघू नकोस. ते कुत्र्यामांजरांसाठी आहे, पक्ष्यांसाठी नाही. आणि माळढोक आधी दिसायला हवा.)

कट्ट्यावरचा:

थांब बे, घाई करू नको. मी मूळचा सोलापूरच्या बाळीवेशीतला, आता पुण्यात. गड्ड्याच्या त्या फोटोंची शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं), ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तितकं मोठं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) सांग आधी.

आडवा_धागा:

आत्ता उघडून पाहिले. बहुतेक १/३०, एफ५.६, आयएसओ ३२००. लेन्स ५० वर.

कट्ट्यावरचा:

मग फोकसला कशाला शिव्या देतोस? १/३० सेकंद शटर उघडं असतं तेवढ्यात तो चालता माणूस हलतो, फराटाच येणार. त्याच फोटोत मागे उभं असलेलं स्थिर काही आहे का बघ, दिव्याचा खांब, पाटी काहीही. ते स्वच्छ असेल तर तुझा हातही हलला नाही, माणूस हलला. लेन्सचं स्टॅबिलायझेशन तुझा हात सांभाळतं, नंदीध्वज पेलणाऱ्याचे पाय नाही.

आता हिशेब कर. एफ५.६ वरून एफ१.४ वर आलास की प्रकाश १६ पट. म्हणजे त्याच आयएसओ ३२०० ला १/३० चं १/५०० होतं. किंवा आयएसओ १६०० वर उतरून १/२५०. हे कुठल्याही नव्या बॉडीने मिळत नाही. ए६४०० चा सेन्सर अंधारात थोडा बरा आहे, पण 'थोडा'. सिग्माची ३० एमएम एफ१.४ बघ, वापरलेली बॉडीच्या निम्म्याहूनही कमी पैशात मिळेल. स्टॅबिलायझेशन नाही तिच्यात, पण १/२५० ला लागतं कुणाला. एकच की झूम गेला, पायांनी पुढे-मागे व्हायचं. गड्ड्याच्या गर्दीत पाय आपले राहत नाहीत हे तुला मी सांगायला नको.

इचलकरंजीकर:

चादरीच्या लाटांवर आमच्याकडे दहा वर्षं डोकं खाल्लंय. त्याला मोआरे म्हणतात. विणीची जाळी आणि सेन्सरवरच्या पिक्सेलची जाळी जवळजवळ एका मापाच्या झाल्या की तिसरीच नक्षी उमटते. घरातल्या दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून हलवा, तेच दिसेल. दोन्ही कॅमेऱ्यांत पिक्सेल तेवढेच, सेन्सर तेवढाच. तेव्हा ४८ हजार दिले म्हणून लाटा जाणार नाहीत.

आधी एक करा. फोटो १०० टक्के मोठा करून बघा. तिथे लाटा नसतील आणि लहान केल्यावरच दिसत असतील, तर मूळ फोटो चांगला आहे, लहान करताना घोळ होतोय. १०० टक्क्यांतही दिसल्या तर कॅमेरा थोडा पुढे-मागे सरकवा किंवा चादर जरा तिरकी करा. नाहीच जमलं तर एफ१६ वर जा, फोटो किंचित मऊ होतो आणि लाटा बसतात. हो, तेव्हा स्टँड लागेल.

आणि कारखान्यात लेन्स बदलता का हो तुम्ही? मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या या कॅमेऱ्यांत) लेन्स काढली की सेन्सर उघडाच. त्यावर सुताची तूस बसली की ती फोटोत काळा ठिपका होऊन येते आणि गिऱ्हाईक पुन्हा डाग विचारतं.

आडवा_धागा:

बदलतो. म्हणजे बदलायचो.

गेल्या रविवारी गच्चीवर प्रयोग केला. चौकडीची चादर दोरीवर, खाली विटा बांधून ताणली, ए६००० स्टँडवर. पहिल्या फोटोत लाटा, १०० टक्क्यांतही होत्या. स्टँड वीतभर मागे घेतला, लाटा रुंद झाल्या. आणखी वीतभर मागे, उजव्या कोपऱ्यात जेमतेम उरल्या. मग चादरीचं एक टोक दोन विटांनी पुढे ओढलं आणि साफ. मी गच्चीवर एकटाच ओरडलो, शेजारच्या काकू पापड सोडून बघायला आल्या. चार वर्षं हे मी फोटोशॉपमध्ये पुसत होतो.

गड्ड्याचे फोटोही पाहिले. मागचा खांब स्वच्छ. कट्ट्यावरचा, तुमचं बरोबर.

म्हणजे ज्या दोन कारणांसाठी ए६४०० घेणार होतो ती दोन्ही गेली. धागा बंद करणार होतो, पण विकणाऱ्याने मंगळवारी दुपारभर कॅमेरा वापरायला दिला. दिलाच आहे तर म्हणून काकांचा व्हिडिओ काढला.

ए६००० वर मी फोकस एका अंतरावर बांधतो आणि फरशीवर खडूची खूण करून काकांना तिथे उभं करतो. काका खुणेवर उभे राहणाऱ्यातले नाहीत. बोलता बोलता मागाकडे जातात, कामगाराला हाक मारतात, परत येतात. ए६४०० घेऊन मी नुसता स्क्रीनवर त्यांच्या चेहऱ्याला बोट लावलं. ते मागापर्यंत गेले, आले, चादर फडकन उलगडून तोंडासमोर धरली, खाली केली, चेहरा पुन्हा स्वच्छ. तीनदा केलं, तिन्ही वेळा जमलं. आवाज मात्र सगळा मागांचा. काका म्हणाले, "बोलतोय कोण, मी का माग?" कॉलरला लावायचा साधा माइक उसना आणून त्यात खुपसला, तर चक्क काका ऐकू आले. माझ्या जुन्याला साध्या माइकची पिन बसायला जागाच नाही.

ज्याला मी किरकोळ म्हटलं होतं तेच काम निघालं. काका एवढंच म्हणाले, "कारखान्यासाठी घे. गड्ड्याची लेन्स तुझी तू बघ."

रविवारी सात रस्त्याला भेटून पैसे द्यायचेत. काय काय तपासू?

निवांत_नारद:

बिल माग आणि सिरीयल नंबर जुळव. एफ१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढ, सेन्सरवर काही असेल तर दिसेल. माइक, चार्जिंग, फ्लॅश, सगळ्या जागा लावून बघ. चार्जिंगला जुनीच मायक्रो यूएसबी आहे, टाइप-सी शोधू नकोस. व्हिडिओ 'पाल' (आपल्याकडची २५ फ्रेमची पद्धत) वर ठेव, ४के २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट लुकलुकणार नाही. ४के ३० ला चित्र कडेने कापलं जातं, २५ ला पूर्ण मिळतं.

कट्ट्यावरचा:

मेनूत तापमानाने आपोआप बंद व्हायची मर्यादा 'हाय' करता येते, ती करून ठेव. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली ४के चालवणार आहेस. आणि तो माइक कॉलरचाच ठेव. वरच्या शूवर (फ्लॅश लावायच्या खाचेत) मोठा माइक बसवलास तर उलटी फिरवलेली स्क्रीन त्यामागे झाकली जाते, काकांना स्वतःला बघता येणार नाही.

आडवा_धागा:

मग मोठाच बसवतो. मंगळवारी स्क्रीन फिरवून दिली तर पहिली दहा मिनिटं केस सारखे करण्यात गेली.

३० एमएम कुणाकडे वापरलेली असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गड्ड्याआधी हवी आहे.