बटणांची ओळ पसरली की मूल ‘इथे जास्त’ का म्हणतं?

दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या बालवाड्यांमध्ये 4 ते 6 वर्षांच्या मुलांबरोबर मानसशास्त्रज्ञ पियाजेचा संख्येच्या कॉन्झर्व्हेशनचा प्रयोग करायचाय, म्हणजे मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे मुलाला कळतं का ते बघायचं. सहा-सहा बटणांच्या दोन ओळी. मूल ‘सारखी’ म्हणालं की एक ओळ पसरायची आणि पुन्हा विचारायचं. लहान मुलं हमखास लांब ओळीवर बोट ठेवतात. ही समज कच्ची म्हणायची की विचारण्यातच खोट? शिवाय घरी मराठी, शाळेत गुजराती. विचारायचं कशात?

सुरसागर
आधी विचारण्याची पद्धत तपासा. मोठ्या माणसाने तेच पुन्हा विचारलं, की पहिलं उत्तर चुकलं असं मूल धरून चालतं. रोझ आणि ब्लँक यांनी 1974 मध्ये ओळ पसरल्यावर एकदाच विचारलं, तर चुका घटल्या. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ओळ ‘खोडकर’ टेडी अस्वलाच्या खेळण्याकडून विस्कटवून घेतली, तेव्हा बरोबर उत्तरं खूपच वाढली. तेव्हा निम्म्या मुलांना एकदाच विचारा, निम्म्यांना दोनदा.

भाषेचं म्हणाल तर मूल खेळताना जी बोलतं ती घ्या. मात्र ‘जास्त’ किंवा गुजराती ‘वधारे’ कळतं का, हे आधी बघा: सारख्याच लांबीच्या दोन ओळी, एकीत चार बटणं, दुसरीत सात. इथे लांबी मदतीला येत नाही.

मांडवीकर
टेडीवर इतका भरवसा नको. त्याच्या गडबडीत मुलाचं बटणांकडे लक्षच नसेल, तर ‘सारखी’ हे उत्तर फुकटचं. मूर आणि फ्राय यांनी 1986 मध्ये नेमकं हेच पकडलं. एका फेरीत टेडीने खरोखरच एक बटण पळवू द्या. तरीही ‘सारखी’ आलं, तर त्या मुलाची बाकीची बरोबर उत्तरंही धरू नका.

‘सारखी की जास्त?’ आणि ‘जास्त की सारखी?’ आलटूनपालटून विचारा, कारण लहान मुलं शेवटचा पर्याय उचलतात.

रावपुरा_वाचनकट्टा
‘येतं की नाही’ एवढ्यावरच थांबू नका. सीग्लर या मानसशास्त्रज्ञाने 1995 मध्ये पाच वर्षांच्या मुलांना याच प्रयोगात अनेक बैठकांत पाहिलं. तेच मूल कधी लांबी बघतं, कधी मोजतं, कधी ‘काही घातलं नाही, काढलं नाही’ म्हणतं. उत्तर बरोबर की चूक ते सांगून वर ‘मला हे उत्तर कसं कळलं असेल?’ असं प्रयोग घेणाऱ्याने स्वतःबद्दल ज्यांना विचारलं, ती मुलं सर्वांत जास्त शिकली. म्हणून प्रत्येक फेरीनंतर ‘कशावरून?’ विचारा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपा. व्हिडिओ घेणार असाल तर पालकांची लेखी संमती आधीच घ्या.