मदत हवी आहे: भाड्याने घेतलेल्या सुट्टीच्या घराच्या मालकांनी नुकसानभरपाई मागितली आहे

नमस्कार. चार रात्रींसाठी ऑनलाइन आरक्षित केलेल्या घराच्या मालकांनी, आम्ही घर सोडल्यानंतर नवव्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर ओरखडा पडल्याचे सांगून संपूर्ण टेबलाची किंमत मागितली आहे. तो ओरखडा आम्ही पोहोचलो तेव्हाच होता: बोटभर लांबीचा, कडेपासून आत गेलेला आणि मळ बसून काळा पडलेला. मी त्याचा स्वतंत्र फोटो काढला नाही, याची आता फार चुटपुट लागली आहे. मात्र पहिल्या संध्याकाळी काढलेल्या मुलीच्या फोटोत तिच्या कोपराजवळ तो अर्धवट दिसतो आणि मूळ फाइलमध्ये तारीख व वेळ शाबूत आहे.

आरक्षण ज्या कंपनीमार्फत केले, तिच्या नियमांनुसार मालकांना १४ दिवसांत दावा करता येतो आणि पाहुण्याला उत्तरासाठी २४ तास मिळतात. त्यांपैकी निम्मे संपले आहेत. मालक फोन करून पैसे थेट पाठवण्याचा आग्रह धरत आहेत, परंतु बाहेर झालेल्या बोलण्याची नोंद राहत नसल्यामुळे मी कंपनीच्या संदेशांतूनच उत्तर देत आहे.

असा अर्धवट फोटो पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो का? दावा सरळ नाकारावा, की आधी टेबलाच्या खरेदीची पावती आणि दुरुस्तीचा अंदाज मागावा? आणि रक्कम कार्डावरून परस्पर वळती झाल्यास बँकेकडे तक्रार कशी नोंदवावी, हे अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया सांगावे.