जर्मनीतून स्वित्झर्लंडला गाडीने: कोणाला कुठे फटका बसला?

जुलैमध्ये आईबाबांना घेऊन श्टुटगार्टहून लुगानोला निघतोय. भाड्याची गाडी, चालवणारा मी एकटाच. जर्मनीत सहा वर्षं चालवतोय, पण सीमेपलीकडे कधी नाही. आकडे पाठ केलेत: तिकडे हायवेला १२०, गावाबाहेर ८०, गावात ५०. (आपल्याकडे जर्मनीत गावाबाहेर १००, आणि ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, बंधन नसेल तिथे १३० हा नुसता सल्ला.) नियमावली नको, स्वतः भोगलेलं लिहा.

बाझलहून: आधी पाट्यांचे रंग बघ. जर्मनीत ऑटोबानची पाटी निळी, इथे हिरवी. इथली निळी म्हणजे साधा मुख्य रस्ता! नवा होतो तेव्हा सवयीने निळ्याच्या मागे लागलो आणि बर्नला जाताना गावागावांतून ट्रॅक्टरमागे रांगत राहिलो. बायको म्हणाली, "ऑटोबानवर शेणाचा वास कसा काय येतोय?" तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

म्युनिकहून: विन्येट, म्हणजे हायवे वापरायचा टोल-पास! ४० फ्रँक, वर्षाचीच मिळते. ऑस्ट्रियासारखी दहा दिवसांची मागू नकोस. नसली तर २०० फ्रँक दंड, शिवाय विन्येट घ्यावी लागते ती वेगळीच. २०२३ पासून ऑनलाइनही काढता येते, पण ती नंबरप्लेटला जोडलेली असते. मी अतिशहाणपणा करून आदल्या दिवशीच नंबर विचारून काढली. सकाळी काउंटरवर दुसरीच गाडी हातात दिली. ४० फ्रँक पाण्यात.

झ्युरिकहून: हायवेला सात किलोमीटर जास्त, तेही कॅमेऱ्याची सूट वजा करून. चलान ६० फ्रँक. आणि दिवे भर उन्हातही लावायचे बरं का.

लुत्सर्नहून: तुझ्या वाटेवरचा गोटहार्डचा बोगदा जवळजवळ १७ किलोमीटर. येण्याजाण्याला एकेकच लेन, वेग ८०, ओव्हरटेक बंद. सुट्टीच्या शनिवारी तोंडाशी लांबलचक रांग लागते, म्हणून आम्ही वरून घाटाने गेलो. निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की तो पोस्टबसचा रस्ता: बसला आधी वाट, आणि तिचा ड्रायव्हर सांगेल ते ऐकायचं. वळणापलीकडून तीन सुरांचा हॉर्न आला, पाठोपाठ पिवळी बस. ड्रायव्हरने हातानेच 'मागे घ्या' खुणावलं. एका बाजूला दरी, मागच्या सीटवर सासूबाईंची रामरक्षा, आणि मी इंचाइंचाने रिव्हर्समध्ये. बस गेली तेव्हा आरशात बोटभर फट होती.

मूळ धागाकर्ता: रामरक्षा आईला पाठ आहे. रिव्हर्सचं मी आज संध्याकाळी पार्किंगमध्ये बघतो.